दुसऱ्या मांडीचा फोटो

खुर्चीमावशी पडली म्हणून तिची मांडी मोडली नाही. मांडी मोडली म्हणून ती पडली. हा फरक तिने पुढे भेटेल त्याला समजावून सांगितला, आणि भेटेल त्याने तो मान डोलावून ऐकून घेतला आणि वर विचारलं, "ते ठीक आहे हो, पण घसरलात कशावरून?"

"तुझ्या अकलेवरून," मावशी म्हणायची.

बाई जिभेची तिखट आणि हाताची घट्ट. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा नवरा सुतार होता, खुर्च्यांचे सांगाडे करायचा. बसायची जागा वेतानं विणून घ्यायला मात्र त्याला पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याचे पाय धरावे लागत. म्हातारा आज म्हणे, उद्या म्हणे, आणि परवा आजारी पडे. नव्या नवरीनं चार दिवस ही मिजास पाहिली. पाचव्या दिवशी म्हाताऱ्यापुढे जाऊन बसली आणि दोन महिन्यांत त्याची सगळी कला उचलून घरी आली. तेव्हापासून सांगाडा नवऱ्याचा आणि बैठक हिची. पुढे नवरा गेला, सांगाडे कारखान्यातून यायला लागले, पण फाटलेली बैठक विणून द्यायला कारखाना काही दारात येत नाही. मावशीचं काम चालू राहिलं. एकाहत्तराव्या वर्षीही दिवसाला एक बैठक ती उठवत होती.

घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. रस्त्यापासून एक पायरी वर. आढ्याला वेताच्या पट्ट्यांच्या जुड्या टांगलेल्या, कोपऱ्यात त्या भिजत घालायची पत्र्याची टाकी आणि मधोमध एक बुटकं स्टूल. त्यावर बसायचं, खुर्ची दोन मांड्यांच्या चिमट्यात धरायची आणि भोकाभोकातून ओली पट्टी ओढायची. ओली असते तोवर पट्टी गरीब गाय असते, वाळली की आवळते. विणून झालं की मावशी बैठकीवर टिचकी मारायची. चांगली बैठक दबक्या आवाजात बोलते. जुनी होऊन सुकलेली टणटण वाजते. नवख्याला तो टणटणीत आवाज आवडतो, मावशीला त्याची धास्ती. "ती मजबूत नव्हे रे बाबा, कडक झालीये. पापड कडक असतो, म्हणून काय त्यावर बसशील?"

तिच्या धंद्याचे नियम दोनच. जुना वेत पुरता उपटल्याशिवाय नवा घालायचा नाही. आणि जोडीतली एक खुर्ची फाटून आली, तर दुसरीही मागवून घ्यायची.

"दुसरी धडधाकट आहे हो मावशी," गिऱ्हाईक म्हणायचं.

"जुळ्या बहिणी आहेत त्या. एका जुडीचा वेत, एका हातची वीण, आणि तुमच्या घरची तीच ती बुडं. हिचं झालं ते तिचं व्हायला किती वेळ? आणा."

म्हातारी काम वाढवते असं वाटून गिऱ्हाईक आणायचं नाही. मग चार-सहा महिन्यांनी सासऱ्याला खुर्चीच्या भोकातून उपसून काढायचं आणि मुकाट्यानं दुसरी घेऊन यायचं.

अशी ही नियमाची बाई. नियमानंच तिचा घात केला.

बारा वर्षांपूर्वी तिचं मनगट मोडलं होतं. तेव्हा हाडं तपासली, ती पातळ निघाली. बाईमाणसाची पाळी गेली की हाडं आतून पोखरली जातात, असं म्हणून डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर. गोळी घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. "हा कागद जपून ठेवा," डॉक्टर म्हणाले. मावशीनं तो इतका जपला, की सुनेला सांगून त्याला प्लास्टिकमध्ये पक्का करून घेतला. लॅमिनेशन. ना फाटायची भीती, ना भिजायची. औषधांच्या दुकानात दर महिन्याला ती तो ताम्रपट गल्ल्यावर आपटायची, आणि दुकानदार न वाचताच गोळ्या काढून द्यायचा. तिचा वार बुधवार. बुधवारी सकाळी अर्धा तास मावशी दारात ताठ उभी राहायची, आणि उभी राहून करायचं काय, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलायची. कितीतरी लोक बुधवारी मागच्या गल्लीनं जात.

तिची धाकटी जाऊ शेजारीच राहायची. तिलाही हाच आजार, हीच गोळी. पण तिच्या छातीत जळजळलं आणि तिनं चार महिन्यांत गोळी सोडली. बारा वर्षांत तिची पाठ वाकली, उंची उतरली. मावशी तिला सोडायची नाही. "धाकटे, नुसती नावानं धाकटी होतीस, आता मापानंही झालीस. गोळी खाल्ली असतीस तर माझ्यासारखी ताठ राहिली असतीस."

जाऊ पदरात तोंड घालून हसायची. "तुम्ही ताठच ताई. पहिल्यापासून."

मग एका वर्षी मावशीच्या डाव्या मांडीत दुखायला लागलं. मांडीच्या मधोमध, बाहेरच्या अंगाला, आत खोल कुठेतरी. दात ठणकावा तसं. पायावर भार दिला की कळ, बसलं की गप्प. खुर्च्या दाबून दाबून मांडी आंबली असेल म्हणून जावेनं तेल चोळलं. तेलानं जाऊ दमली, मांडी तशीच. मुलगा गॅरेजमध्ये ट्रक दुरुस्त करायचा. तो एक दिवस रजा टाकून तिला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं गुडघ्याचा फोटो काढला. वयानुसार झीज. महिन्यानं कमरेचा काढला. वयानुसार झीज. वर कंबर, खाली गुडघा, दोन्हीकडं कॅमेरा जाऊन आला, आणि दुखत होतं ते मधलं गाव तेवढं राहिलं. मांडी म्हणजे अंगातलं सगळ्यात दणकट हाड, त्याला काय होणार, असं सगळ्यांनीच धरून चाललेलं. मावशीनंही.

तीन महिन्यांनी एका सकाळी ती विणून झालेली खुर्ची गिऱ्हाइकाच्या हातात देत होती. पायरीवर उभी होती. घसरली नाही, अडखळली नाही, कुणाचा धक्का नाही. नुसती डाव्या पायावर वळली, आणि कडाक्‌ असा आवाज झाला. गिऱ्हाइकाला वाटलं, खुर्ची मोडली. त्यानं आधी खुर्ची उलटीपालटी करून पाहिली. तोवर मावशी पायरीखाली पसरली होती आणि तिची डावी मांडी मध्येच कोपरासारखी वाकली होती.

"खुर्ची ठेव मेल्या," मावशी रस्त्यावरून म्हणाली. "खुर्ची माझी आहे, ती मोडत नाही."

मग तिची शुद्ध हरपली.

मोठ्या इस्पितळात त्याच दिवशी ऑपरेशन झालं. हाडाच्या पोकळीतून वरपासून खालपर्यंत पोलादी सळई घातली, दोन्ही टोकांना स्क्रू मारले. तिसऱ्या दिवशी हाडांच्या मोठ्या डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, चालणं असं की मागचे शिकाऊ डॉक्टर पळत असायचे. त्यांनी मांडीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मावशी, हाडांची गोळी घेता का?"

"बारा वर्षं. एक बुधवार चुकला नाही," मावशी अभिमानानं म्हणाली. पोस्टात काउंटरवर बसणाऱ्या सुनेनं पर्समधून लॅमिनेशन केलेला कागद काढून दिला. सुनेची सवय, कागद मागायच्या आधी हजर.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा नाकावर उतरवला. कागद वाचला. पुन्हा वाचला. "खालची ओळ कुणी वाचली नाही?"

"कुठली खालची ओळ?"

कागदाच्या तळाशी एक ओळ होती. मुंगीचे पाय शाईत बुडवून चालवावेत तशी. बारा वर्षं ती सही समजली गेली होती. "पाच वर्षांनी फेरतपासणी. गोळी थांबवण्याचा विचार," बाईंनी वाचून दाखवलं.

मग सून हळूच म्हणाली, "आम्ही ती पक्की करून घेतली."

डॉक्टरीणबाई पलंगाच्या कडेला बसल्या. "नीट ऐका. हाड म्हणजे दगड नव्हे. त्यात रात्रंदिवस दोन टोळ्या राबत असतात. एक जुनं हाड पोखरून काढते, दुसरी त्या जागी नवं भरते. तुमच्या वयाच्या बायकांत पोखरणारी टोळी जोरात असते आणि भरणारी मागं पडते, म्हणून हाड पातळ होतं. ही गोळी पोखरणाऱ्यांना खाली बसवते. चांगली गोळी आहे. तिनं कितीजणींच्या कमरा वाचतात. पण फार वर्षं बसवून ठेवलं, तर जुनं हाड काढायला कुणी उरत नाही. चालून-बसून हाडाला बारीक तडे जातातच, ते तसेच राहतात. फोटोत हाड भरदार दिसतं, आत मात्र शिळं झालेलं असतं. हजारात एखादीला असं होतं, पण होतं. आधी मांडी दुखते आणि मग काही न होता मोडते."

मावशी टक लावून ऐकत होती. "म्हणजे जुना वेत उपटायला कुणी नाही, आणि बैठक टणटण वाजतेय."

डॉक्टरीणबाईंना वेत कळला नाही, पण तिला कळलं एवढं त्यांना कळलं. "गोळी आजपासून बंद," त्या म्हणाल्या, आणि त्यांना ऑपरेशनसाठी बोलावणं आलं म्हणून त्यांची वरात पळत निघून गेली.

दुपारी जाऊ भेटायला आली. गोळीची हकिगत ऐकून तिचा चेहरा उजळला. बारा वर्षांचं उट्टं काढायची अशी संधी पुन्हा कुठं मिळणार? "बघा ताई! मी म्हणत नव्हते? मी सोडली म्हणून मी वाकले, पण मोडले तरी नाही!"

एरवी मावशीनं तिला दाराबाहेर पोचवली असती. पण ती वर पंख्याकडं बघत पडून राहिली. जाऊ घाबरली. ताईंना भूल चढली की काय?

"धाकटे," मावशी शेवटी म्हणाली, "दुसरी मांडी."

"काय झालं दुसरीला?"

"गोळी काय डाव्या पायानं खाल्ली होती मी?"

जावेला उलगडा व्हायला वेळ लागला, मावशीला लागला नव्हता. दोन्ही मांड्या एकाच वर्षी जन्मल्या, एकाच अंगाचं वजन पेललं, एकाच खुर्चीला दोन्ही बाजूंनी दाबलं, बारा वर्षं एकच गोळी पचवली. जुळ्या बहिणी. आणि खरं सांगायचं, तर उजवी मांडीही मोडायच्या आधी पंधरा दिवस अधूनमधून खुपत होती. डाव्या ठणक्यापुढं तिचं रडणं ऐकू आलं नव्हतं, एवढंच. आता डावी गप्प होती, आणि उजवी स्वच्छ बोलत होती.

एक पाय मोडला तर माणूस दुसऱ्यावर उभा राहतो. दुसराही मोडला, तर मावशी पलंगावर, आणि पलंगावरून कुठं जायचं ते तिनं नवऱ्याच्या वेळी पाहिलेलं होतं. आधी पाठीला जखमा, मग छातीत कफ, मग खोलीत दबक्या आवाजात बोलणारे नातेवाईक.

पाचव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. कागद घेऊन शिकाऊ डॉक्टर आला. पोरसवदा, डोळ्यांखाली झोप साठलेली.

"आजी, चला. घरी."

"आजी तुझी घरी. मला मावशी म्हण. आणि उजव्या मांडीचा फोटो काढल्याशिवाय मी हलत नाही."

"उजवा पाय चांगला आहे, मावशी."

"कुणी पाहिला?"

"आता सगळा भार त्याच्यावर पडतोय ना, म्हणून दुखत असेल."

"भार पडायच्या आधीपासून दुखतोय."

त्यानं मुलाकडं पाहिलं. मुलगा साधा माणूस, आयुष्यभर आईच्या आणि बायकोच्या मध्ये पाचरीसारखा बसलेला. तो म्हणाला, "आई, डॉक्टरांना कळतं गं."

"त्यांना हाडातलं कळतं. मला जोडीतलं कळतं. डावीला तुम्ही सगळे हेच म्हणाला होतात. गुडघ्याला फोटो, कमरेला फोटो. आता मी सांगते तिथं कॅमेरा लावा. वर नको, खाली नको. मध्ये." आणि तिनं दोन्ही हातांनी पलंगाची लोखंडी कड धरली. पन्नास वर्षं ओला वेत ओढलेले हात ते. शिकाऊ डॉक्टरानं त्या बोटांकडं एकदा पाहिलं आणि ती सोडवायचा विचार सोडून दिला.

"खाट दुसऱ्या पेशंटला द्यायचीय हो मावशी..."

"दे की. मी सरकते. दोघी मावू."

सून म्हणजे रोज काउंटरवर शंभर माणसांची हुज्जत ऐकणारी बाई. कुणाचं भांडण खरं आणि कुणाचं नुसतं पोकळ, हे तिला आवाजावरून कळायचं. ती उठली, शिकाऊ डॉक्टरासमोर उभी राहिली. "लिहून द्या. पेशंटनं उजव्या मांडीच्या दुखण्याची तक्रार केली, फोटो मागितला, आणि तुम्ही नाही म्हणालात. खाली सही, तारीख. ओळ वाचता येईल अशी लिहा. आमच्याकडं न वाचता आलेली एक आहे."

शिकाऊ डॉक्टर लिहायला बसला नाही. मोठ्या बाईंना बोलवायला गेला.

डॉक्टरीणबाई ऑपरेशनच्या हिरव्या कपड्यांतच आल्या. मावशीनं जोडीचा नियम सांगितला. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग त्यांनी अंगठ्यानं उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूनं वरून खाली दाबत आणलं. मधोमध आल्यावर मावशीच्या तोंडून "आई गं!" निघालं आणि तिनं डॉक्टरीणबाईंचं मनगट असं धरलं की दोघी एकदमच ओरडल्या.

"हे मीच त्या दिवशी सांगायला हवं होतं," बाई मनगट चोळत म्हणाल्या. "घाईत राहून गेलं. चूक माझी. आत्ता फोटो काढा. दोन बाजूंनी, पूर्ण मांडीचा."

तासाभरानं त्या फोटो घेऊन स्वतः आल्या. मावशीला फोटोतलं काही कळायचं कारण नव्हतं, पण ती रेघ तिला सगळ्यांच्या आधी दिसली. हाडाच्या बाहेरच्या काठावर एक बारीक उंचवटा, आणि त्यातून आत शिरलेली काळी रेघ. केसाएवढी. निम्म्यापर्यंतच गेलेली.

"हीच का ती?" मावशीनं विचारलं.

"हीच. तुम्ही आज घरी गेला असता, तर काठी टेकत टेकत महिनाभर चालला असता. मग एक दिवस..." बाईंनी वाक्य पुरं केलं नाही.

"कडाक्‌," मावशीनं पुरं केलं.

आता पुढचा प्रश्न होता. निम्मी रेघ आपोआप बुजेल म्हणून पायावर भार न देता महिनोन्‌महिने वाट पाहायची, की मोडायच्या आधीच याही हाडात सळई घालून ते बांधून टाकायचं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाय दुखतोय, रेघ आत शिरलेली आहे, आणि डावा पाय अजून कच्चा असल्यानं उजव्यावर भार येणारच. माझं मत सळईचं. पण निर्णय तुमचा.

मुलाचा जीव खालीवर. "न मोडलेल्या पायाला चिरा द्यायचा? आई, चांगला पाय कापून घेतं का कुणी?"

"तुझ्या गॅरेजात ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याला तडा दिसला तर काय करतोस? तुटेपर्यंत पळवतोस?"

मुलगा खाली बघायला लागला. तडा गेलेला पाटा न बदलता ट्रक सोडला म्हणून हाताखालच्या मेकॅनिकला त्यानं मागच्याच आठवड्यात झापलं होतं.

"पण तो ट्रक आहे गं."

"म्हणजे ट्रकला तू जास्त जपतोस. मोडलेल्या हाडात सळई घालताना काय झालं ते मला माहीत आहे. अख्ख्या हाडात घालणं सोपं असेल ना हो बाई?"

"सोपं," बाई म्हणाल्या. "कितीतरी."

"मग घाला. विणायचंच आहे तर फाटायच्या आधी विणा."

जाऊ दाराशी उभी राहून डोळे पुसत होती. मावशीनं तिच्याकडं पाहिलं. "तू कशाला रडतेस? तुझी पाळी नंतर आहे."

आणि तसंच झालं. मावशीच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर आठवड्याभरात तिनं सुनेकरवी जावेला डॉक्टरीणबाईंपुढं उभं केलं. जाऊ म्हणाली, "मी गोळी घेणार नाही. ताईंचं काय झालं बघितलं ना." बाईंनी तिच्या पाठीचा फोटो काढला. मणक्यातली तीन हाडं दबून चपटी झालेली, जुनीच, कधी झाली ते तिला कळलंही नव्हतं. जाऊ म्हणत होती मोडले नाही. मोडली होती, तीन ठिकाणी, मुकाट्यानं. मावशीनं ते ऐकलं आणि टोमणा जिभेवर आलेला गिळला. तिच्या आयुष्यातला तो बहुधा पहिलाच. "गोळी वाईट नाही गं," ती म्हणाली. "मी ती विसरले कधी थांबवायची, तू विसरलीस कधी घ्यायची. मध्ये कुठंतरी शहाणी बाई असेल, ती आपल्या घरात आली नाही." जावेला छातीत न जळणारं दुसरं औषध मिळालं, सहा महिन्यांतून एकदा टोचायचं. कधी तपासायला यायचं ती तारीख सुनेनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर रंगानं लिहिली, वीतभर अक्षरात.

मावशीची वाट सोपी नव्हती. शिळं हाड सांधायलाही आळशी असतं. तीन महिन्यांच्या फोटोत डाव्या मांडीत जेमतेम धूर दिसला; धूर म्हणजे नवं हाड, तेवढंच. रोज पोटाला एक सुई सुरू झाली, भरणाऱ्या टोळीला कामाला लावणारी. ती सून टोचायची, पोस्टात जायच्या आधी, शिक्का मारावा तशी एका दमात. "जरा हळू," मावशी ओरडायची. "उशीर होतोय," सून म्हणायची. आधी वॉकरची चौकट धरून चालणं, मग दोन काठ्या, मग एक. पलंगापासून टाकीपर्यंत अकरा पावलं होती. पहिल्या दिवशी तिला ती अकरा पावलं अकरा कोस वाटली, आणि टाकीपाशी पोचल्यावर तिनं काय करावं? वेत भिजत घातला. पाचव्या महिन्यात ती उंच खुर्चीवर बसून, बैठक टेबलावर ठेवून विणायला लागली. मांड्यांत दाबायची बंदी होती. पहिली बैठक तिला चार दिवस लागली आणि ती तिला आवडली नाही. तिनं ती उपटली आणि पुन्हा विणली.

अकराव्या महिन्यात शेवटची तपासणी. इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंची खोली. मुलानं खालून लिफ्टनं चाकांची खुर्ची ढकलत आणली होती, सोबत जाऊ. मावशीनं त्या खुर्चीच्या रबरी बैठकीला बोट लावून नाक मुरडलं, पण बसली. उजेडाच्या फळ्यावर दोन्ही मांड्यांचे फोटो शेजारीशेजारी लावलेले. डावीकडं मोडल्या जागी नव्या हाडाचं जाड कडं चढलं होतं, गाठीसारखं, भरघोस. उजवीकडं ती काळी रेघ शोधून सापडेना. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. मग शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं, सगळ्यांना रांगेत उभं केलं. त्यांत तो पोरसवदाही होता, डोळ्यांखाली साठलेली झोप आता जरा उतरलेला.

"हा फोटो पेशंटनं मागून घेतला होता," बाई त्यांना म्हणाल्या. "आपण नव्हे. एक मांडी अशी मोडली, की दुसरी बघायचीच. हे पुस्तकात आहे, मलाही पाठ आहे, आणि तरी राहिलं होतं." मग मावशीकडं वळल्या. "चालून दाखवा. दारापर्यंत जा आणि परत या. काठी घ्यायची तर घ्या."

मावशी उठली. काठी मुलाच्या हातात दिली. पहिलं पाऊल तिनं डाव्याचं टाकलं, मग उजव्याचं. दोन्ही मांड्यांत पोलाद, आणि पोलादाभोवती तिचं स्वतःचं, नवं, रोज थोडं पाडून रोज थोडं बांधलेलं हाड. दारापर्यंत गेली. दार उघडं होतं. ती थांबली नाही.

"मावशी, परत या म्हटलं!"

मावशी व्हरांड्यात. बाकावर बसलेल्या बायका मान वळवून बघायला लागल्या. ती डाव्या हाताला वळली, जिन्यापाशी आली, कठडा धरला आणि उतरायला लागली. एक पायरी, दुसरी, तिसरी. मागून धावपळीचे आवाज. मधल्या वळणावर तिनं दम घेतला, कुणी पकडायच्या आत पुन्हा सुरू. खालच्या मजल्याची शेवटची पायरी उतरून ती रस्त्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली तेव्हा पोरसवदा डॉक्टर धापा टाकत तिच्यामागं येऊन पोचला, त्याच्यामागं काठी घेतलेला मुलगा, आणि सगळ्यात मागं वाकलेली जाऊ, एक एक पायरी मोजत, हसून हसून डोळ्यांतून पाणी गळणारी.

"मावशी... तुम्हाला फक्त... दारापर्यंत..." डॉक्टरला बोलवेना.

मावशीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. दम लागला होता पोराला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बस जरा," ती म्हणाली. "माझा मुलगा आणेल वरून चाकांची खुर्ची." मग हसली. "आणली होती माझ्यासाठी. पण तूच बस."